एक टक्क्याखालची नाती

वडील गेल्यावर तीन महिन्यांनी मयुरीने जे पहिलं वेगळं काम हातात घेतलं, ते नेमकं स्मशानाचं निघालं. तिने ते शोधलेलं नव्हतं. पुण्याच्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली होती, म्हणून ती असोद्याला आईजवळ राहत होती. धुळ्याच्या एका न्यासाला आपल्या चार स्मशानभूमींच्या अकरा वर्षांच्या नोंदी नीट लावून हव्या होत्या, आणि कोणीतरी तिचं नाव सुचवलं होतं.

"वह्या कॉम्प्युटरमध्ये टाकून घेतल्यात, ताई," न्यासाचे सचिव प्रेमराजसर फोनवर म्हणाले. "पण टायपिंगवाल्यांनी दिसलं तसं उतरवलंय. एकेका नात्याची दहा-दहा रूपं झालीत. आम्हाला फक्त एक रकाना साफ करून द्या. अग्निडाग देणाऱ्याचं मयताशी नातं."

"कशासाठी हवंय?"

"जळगावच्या जागेत यंदा एकच बांधकाम होऊ शकतं. निम्मे म्हणतात, गाड्यांसाठी शेड करा. आमच्या एक विश्वस्त बाई म्हणतात, अग्निडाग देणाऱ्या बायकांना अंघोळीला, कपडे बदलायला खोली करा. भांडणं नकोत म्हणून ठरवलं, आकडा बघायचा. किती बायका अग्निडाग देतात, तेवढं तुम्ही सांगायचं. पंचवीस तारखेला बैठक आहे."

पौषातल्या एका सकाळी जळगावच्या त्याच जागेत आबांना, आपल्या वडिलांना, मयुरीने अग्निडाग दिला होता. खांद्यावरच्या मडक्याला दगडाने भोक पडत गेलं आणि प्रत्येक फेरीला गार पाण्याची धार तिच्या पाठीवरून वाहिली. बरोबरची पुरुषमंडळी तिथल्याच नळाखाली उघड्यावर अंघोळी करून मोकळी झाली. ती ओल्या साडीनिशी गाडीत बसली आणि असोदा येईपर्यंत तिचे दात वाजत होते.

"करते," ती म्हणाली. आपल्याबद्दल तिने काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, आकड्यात ती येणारच होती.

घरात चैत्राचं ऊन तापलं होतं. बेबाबाई गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालून खाली यायच्या, पदराने मान पुसायच्या आणि लेकीच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकवायच्या.

"काय वं, मढे मोजू राहिली का?"

"मढे नाही, आई. त्यांना पोचवायला आलेले मोजते आहे."

"मग बरं. जित्याची संगत बरी." आणि त्या पुन्हा गच्चीवर जायच्या. नवरा गेल्यापासून त्यांनी एकही दिवस बसून काढलेला नव्हता. यंदाचे बिबडे तीन घरांना पुरले असते.

कोणाच्या तरी वहीतून कोणाच्या तरी बोटांनी उतरलेला मजकूर म्हणजे टिंबं, रेघा, स्वल्पविराम, चांदण्या, सुट्या जागा यांचं रान. मयुरीने कोडच्या पहिल्याच ओळीत सांगून टाकलं की अक्षरं सोडून जे काही असेल ते काढून टाक. मग एका नात्याची दहा रूपं एकत्र आणली, आणि प्रत्येक नातं किती वेळा आलंय याची उतरती यादी काढली.

एकूण नोंदी एकवीस हजार सहाशे चाळीस. मुलगा पंधरा हजारांच्या वर. त्याखाली पुतण्या, अडीच हजारांच्या जवळ. मग भाऊ, नातू, जावई, नवरा. या सहा नात्यांतच जवळपास सगळी माणसं संपत होती. पुढची ओळ तिने सवयीने लिहायला घेतली. ज्या प्रकाराच्या नोंदी एकूणाच्या एक टक्क्याहून कमी, तो 'इतर'मध्ये. कंपनीत ती हे शेकडो वेळा करत आलेली होती. साबणाचे वास, गाड्यांचे रंग, तक्रारींची कारणं. शेपूट छाटलं की तक्ता आटोपशीर दिसतो आणि साबणाचं काही बिघडत नाही.

ओळ चालवण्याआधी तिने यादी खाली सरकवली.

मुलगी एक्क्याऐंशी. बायको चोवीस. सून नऊ. बहीण सहा. आई तीन. त्याच्या खाली अगदी तळाला एकेकटी माणसं बसली होती. शाळेचे हेडमास्तर, एक. मेसवाली मावशी, एक. घरमालक, एक. सोबत भजन म्हणणारा, एक. शेजारच्या खाटेवरचा पेशंट, एक.

शेवटच्या नोंदीवर ती थांबली. कोणीतरी दवाखान्यात वारलं होतं, घेऊन जायला कोणी आलं नव्हतं, आणि पलीकडच्या खाटेवरचा माणूस, स्वतः आजारी, उठून बरोबर गेला होता. तिने कळ दाबली असती तर तो, तो हेडमास्तर आणि त्या तीन आया एका पोत्यात जाऊन पडल्या असत्या.

तिने ती ओळ खोडली. नोंदी थोड्या म्हणून एकत्र कोंबायच्या नाहीत. अर्थाने जवळच्या असतील त्या शेजारी ठेवायच्या. नातं कोणतंही असो, अग्निडाग देणाऱ्या साऱ्या बायका एका गटात. रक्ताचं नातं नसलेले दुसऱ्या गटात. 'इतर'मध्ये उरल्या फक्त न वाचता येणाऱ्या नोंदी. हे जास्त वेळ खाणारं काम होतं, पण खरं होतं.

बायका एकशे चोवीस निघाल्या. त्यातल्या जळगावच्या बावन्न.

"अकरा वर्षांत बावन्न?" प्रेमराजसरांनी फोनवरच भागाकार केला. "म्हणजे वर्षाला पाच. अहो ताई, पाच जणींसाठी खोली म्हटलं तर बैठकीत लोक हसतील. मीसुद्धा शेडवाला नाही, पण आकडा आकडा असतो."

"थोडं थांबा, सर. मी पुन्हा एकदा बघते."

बघण्यासारखं काही उरलंय असं तिला वाटत नव्हतं. फोन ठेवल्यावर, निव्वळ स्वतःला भेटावं म्हणून, तिने त्या बावन्न जणींमधून पौषातली ओळ शोधली. तिथे कोणीच नव्हती. मग तिने वडिलांच्या नावाने शोधलं. तोताराम नारखेडे, वय चौऱ्याहत्तर, राहणार असोदा. अग्निडाग देणाऱ्याचं नाव हेमराज. नातं, पुतण्या.

आबांनी तिला सायकल शिकवली होती, लावणीला केळीची मुनवं कशी निवडायची ते शिकवलं होतं, आणि शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात, बोलणं जड झालेलं असताना, आपल्या भावाला सांगितलं होतं, "मयू देईल. दुसरं कोणी नको." तिने दिला होता. गावाने पाहिलं होतं. आणि कागदावर ती त्या सकाळी तिथे नव्हतीच.

संध्याकाळी हेमराज आला. चुलतभाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. आबांच्या केळीचंही तोच बघत होता. त्याने घडाच्या दोन फण्या ओट्यावर ठेवल्या आणि बेबाबाईंनी दिलेलं ताक तोंडाला लावलं.

"भाऊ, आबांच्या नोंदीत तुझं नाव कसं?"

हेमराजचा पेला थांबला. "कोणत्या नोंदीत?"

"स्मशानाच्या वहीत. अग्निडाग, पुतण्या, हेमराज."

"अगं, मग कोणाचं देणार होतो? तू तिकडे चितेजवळ. खिडकीवर मी. दाखल्यासाठी मागून खेटे कोण घालणार? पावतीवर ज्याचं नाव त्यालाच दाखला देतात म्हणे. मी माझं सांगितलं, नातं विचारलं ते पण माझं सांगितलं." त्याला अजून काही चुकलंसं वाटत नव्हतं. "आणि त्या रकान्यात काय लिहिलंय ते कोण वाचतं, मयू?"

"मी वाचते," मयुरी म्हणाली.

बेबाबाईंनी पुतण्याच्या पेल्यात आणखी ताक ओतलं, त्याची बाजू घेतल्यासारखं. "तो काय मुद्दाम करीन का वं? माणसं अशीच करत्या. तुह्या मामाच्या वेळेला मामीने आग दिली, अन् कागद तिच्या भावाच्या नावाचा." त्या आत गेल्या, आणि मयुरीच्या डोक्यात काहीतरी हललं. मामीसुद्धा? मग अशा आणखी किती?

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमराज मोटरसायकल घेऊन दारात उभा होता. "चल. जे काय लिहिलंय ते दुरुस्त करू."

जळगावच्या स्मशानात खिडकीमागे सुपडूनाना बसले होते. अमळनेरकडचे, सत्तरीला आलेले, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. वीस वर्षं त्या वह्या त्यांच्याच हाताखालून गेल्या होत्या.

"तू कोनी पोर शे?"

"असोद्याच्या तोताराम नारखेड्यांची, नाना. पौषात आणलं होतं त्यांना."

"हां." म्हाताऱ्याने मान वर केली. "पाठवर पानी पडनं नि तू हाललीबी नही. याद शे माले."

त्यांनी वही काढली, थुंकी लावत पानं उलटली आणि बोट ठेवलं. पुतण्या. आणि त्या शब्दाच्या डोक्यावर, बाजूला, लाल शाईची बारीकशी फुली.

"ही काय आहे, नाना?"

सुपडूनानांनी हेमराजकडे एकदा बघितलं. "बेन, खिडकीवर येस तो गडीमानूस. तो जे सांगस ते माले लिखनं पडस. मन्ही काय टाप शे वही बदलानी? पन आग कोनी दिनी ते मी आठे बशीसन दखस ना! मन्हा डोया काय फुटनात का? बाईमानूसनी दिनी व्हई ते मी फुली करस."

"सगळीकडे?"

"बठ्ठी वह्यासमा. पहिलापाईन."

"कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"कोन सांगी?" त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "मन्ही माय वारनी तवय मी सुरतले कामवर व्हतू. वखतवर पोचनू नही. बहिननी आग दिनी. नि कागदवर मन्हं नाव. मी तठे व्हतूच नही, पोरी." चष्मा पुन्हा नाकावर चढला. "आते माले दुसरं काय येस? फुली येस."

मयुरीने तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडला. टायपिंगवाल्यांनी दिलेली मूळ फाईल तिने जपून ठेवली होती, तेवढं एक शहाणपण तिच्याकडे होतं. तिने आबांची ओळ काढली. तिथे नुसतं 'पुतण्या' नव्हतं. 'पुतण्या'पुढे एक चांदणी होती. टायपिंगवाल्यांना फुलीचा अर्थ ठाऊक नव्हता, पण दिसलं ते त्यांनी इमानाने उतरवलं होतं. मुलगा-चांदणी, भाऊ-चांदणी, जावई-चांदणी. ती पुसली होती मयुरीने. कोडच्या पहिल्याच ओळीत, न बघता, कचरा म्हणून.

"काय झालं?" हेमराजने विचारलं.

"भाऊ, तू मला एकदा खोडलंस," ती म्हणाली. "मी सगळ्यांनाच खोडलं."

घरी येऊन तिने कोडची ती पहिली ओळ काढून टाकली आणि मोजणी नव्याने लावली. जळगावच्या, पुरुषाच्या नात्यापुढे चांदणी असलेल्या नोंदी सहाशे अकरा निघाल्या. आधीच्या बावन्न धरून सहाशे त्रेसष्ट, आणि एकट्या गेल्या वर्षातल्या चौऱ्याण्णव. आठवड्याला जवळपास दोघी. ज्यांना ती दुर्मीळ समजत होती त्या दुर्मीळ नव्हत्याच. त्या भावा-पुतण्यांच्या नावाखाली राहत होत्या.

पण फुली ही एका म्हाताऱ्याची खूण. ती खरी धरायची कशावरून? आनंद झाला म्हणून आकडा पुढे करणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने कोडकडून सहाशे अकरातल्या तीस ओळी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलून घेतल्या. आबांची ओळ त्यात आली नाही. हाताने ती घालता आली असती. तिने घातली नाही. नोंदींपुढे फोन नंबर होते, सगळे खिडकीवरच्या माणसांचे. दोन दिवस ती आणि हेमराज ओट्यावर बसून फोन करत राहिले.

पुरुष फोन उचलायचे, आधी दरडावायचे, मग गडबडायचे. "हो, म्हणजे नाव माझं आहे, पण... थांबा, वहिनीला देतो." आणि मग पलीकडून एक बाई यायची, हळू आवाजात, दार लोटून घेतल्यासारखी.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून मोगराबाईचा आवाज आला. नवरा वेस्ता जळगावच्या दवाखान्यात वारला होता. नाव दिराचं होतं.

"आग तुम्ही दिलीत का, मोगराबाई?"

"हां. मीच. दीर घाबरला. तो मागे सरकला." मग घाईने, "काही चुकलं का, ताई? कोणी तक्रार केली का?"

"नाही हो. काही चुकलं नाही. नीट लिहून ठेवायचंय, म्हणून विचारलं."

"नीट लिहायचं?"

"हो."

"मग लिहा ना. मोगराबाई. वेस्ताची बाई." आणि जरा थांबून, "आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं."

तक्त्यात नावांसाठी जागा नव्हती. मयुरीने ते नाव आपल्या वहीत लिहिलं. हेमराज दुसरीकडे तोंड करून आपल्या फोनशी खटपट करत राहिला.

तिसातल्या दोन नंबरांवर कोणी उचललं नाही. एक बाई म्हणाली, "नाही बाई, मी नुसती भावाशेजारी उभी होते." सत्तावीस जणींनी सांगितलं, हो, आम्हीच.

पंचवीस तारखेला ती धुळ्याला निघाली. सकाळी बसस्टँडवर हेमराज आधीच येऊन उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

"तू कशाला? केळीची कापणी आहे ना तुझी?"

"केळी उद्या कापता येतील," तो म्हणाला. पारोळ्याला बस थांबली. तिथे त्याने खिडकीतून हात घालून भजी घेतली आणि पुडा तिच्यापुढे धरला. "आबा दर वेळी इथली भजी घ्यायचे." तिने एक उचललं. वहीतली नोंद सोडली तर आबांविषयी त्या दोघांत तीन महिन्यांत निघालेलं ते पहिलं वाक्य होतं.

बैठकीत सात जण होते. मयुरीने आधी बावन्नचा आकडा सांगितला, मग आपली चूक सांगितली, मग फुलीची गोष्ट सांगितली आणि तीस फोनांची, त्या एका नाही म्हणणारीसकट. पडद्यावर तिने दोन रकाने वेगळे ठेवले होते: खिडकीवर कोण होतं, आणि अग्निडाग कोणी दिला. चांदणीच्या प्रत्येक ओळीपुढे दुसऱ्या रकान्यात फक्त 'स्त्री' एवढंच होतं, आबांच्या ओळीपुढेही. फुली तेवढंच सांगत होती. मुलगी की सून, हे फुलीला सांगता येत नव्हतं.

एक वयस्कर विश्वस्त टेबलावर पेन्सिल वाजवत म्हणाले, "म्हणजे तिथला म्हातारा मनाला येईल तशा फुल्या मारतो आणि त्यावर आपण भिंती उभ्या करायच्या? सत्तावीस जणी फोनवर हो म्हणाल्या. हो म्हणायला काय जातं?"

मयुरीकडे उत्तर होतं. तिने नमुन्याबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण मागच्या खुर्चीवरून हेमराज उठला.

"साहेब, त्यातली एक ओळ माझ्या नावाची आहे. तोताराम नारखेडे माझे काका. पुतण्या म्हणून मी खिडकीवर नाव दिलं. आग हिने दिली. ही त्यांची मुलगी." पुढे तो म्हणाला, "मी अंघोळ करून कोरडे कपडे घालून आलो. ही ओलीच घरी आली. माझ्या तेव्हा लक्षातसुद्धा आलं नाही."

पेन्सिल वाजायची थांबली. प्रेमराजसरांनी चष्म्यावरून मयुरीकडे बघितलं.

"ताई, तुम्ही पहिल्या दिवशी बोलला नाहीत."

"एकच ओळ होती, सर. मला वाटलं आकड्यात येईल."

पुढे वाद झालाच. शेडवाल्यांनी उन्हाचा मुद्दा पुन्हा काढला. त्या विश्वस्त बाईंनी विचारलं की गाडीला ऊन लागतं, तर माणसाला थंडी लागत नाही का. अर्ध्या तासाने हात वर झाले. खोलीच्या बाजूने पाच, विरुद्ध दोन. पेन्सिलवाले दोघांत होते, पण उठताना म्हणाले, "आणि वहीत रकाना पण दुसरा छापून घ्या. त्या म्हाताऱ्याला किती दिवस फुल्या मारायला लावणार?"

बाकीचे पांगल्यावर प्रेमराजसरांनी अजेंड्याचा कागद उलटा केला आणि पेन उघडलं. "इंजिनियरला उद्या सांगायचंय. बसा. काय काय लागतं तिथे, तुम्ही सांगा."

मयुरी बसली. तीन महिन्यांत तिने ती सकाळ कोणालाही सांगितली नव्हती. आता तिला तुकड्यातुकड्याने सांगावी लागणार होती.

"गरम पाणी," ती म्हणाली. "वर्षभर. खाली खरखरीत फरशी घ्या, पाय लटपटत असतात. कडी खालच्या बाजूला, सहज सरकणारी. आणि आरसा लावू नका."

"आरसा नको?"

"त्या दिवशी नको वाटतो."

सरांनी लिहून घेतलं. हेमराज म्हणाला, "दाराबाहेर बाकडं ठेवा एक. थांबणाऱ्यासाठी." तेही लिहिलं गेलं.

"खुंट्या किती?"

मयुरी बोटांवर मोजू लागली. साडी, परकर, टॉवेल. पिशवी.

"चार," ती म्हणाली. मग हेमराजकडे बघत, "नाही, आठ करा. आत कोणीतरी बरोबर लागतं."